नवं साधन, जुना हात

एप्रिल २०१०मध्ये अमेरिकेत पहिला आयपॅड दुकानात आला, तेव्हा ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी बहात्तर वर्षांचे होते. तैलरंग, ॲक्रिलिक, एचिंग, लिथोग्राफ, छायाचित्रण, ऑपेराचं नेपथ्य हे सगळं करून झालं होतं. साठच्या दशकात त्यांनी रंगवलेले कॅलिफोर्नियातले जलतरण तलाव कलेच्या इतिहासात जमा झाले होते. या वयात, एवढा मान मिळवल्यावर, कोणी नवं शिकायला बसलं नाही तर त्याला कोण नावं ठेवणार? हॉकनींनी मात्र त्याच वर्षी आयपॅड हातात घेतला आणि पुढच्या दशकभरात त्यांच्या कामाचा फार मोठा भाग त्या काचेवर झाला.

आज ही गोष्ट आठवायला तसंच कारण आहे. १९०९मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाचकाची दिवाळी चित्रांशी जोडलेली आहे. ती चित्रं पूर्वी कागदावर, बोर्डावर, पोस्टर रंगांत होत. आता कथाचित्रं, मुखपृष्ठं, शीर्षकांची अक्षरं यांतलं बरंच काम टॅब्लेटवर होतं. काम करणाऱ्यांसमोर दर चार-पाच वर्षांनी तोच प्रश्न उभा राहतो. हाताला बसलेलं साधन जुनं होतं, सॉफ्टवेअरचं भाडं वाढतं किंवा काम प्रवासात करावं लागतं, आणि मग सवयीचा संगणक सोडून अनोळखी टॅब्लेटवर जायचं ठरतं. अशा वेळी चर्चा होते ती किमतीची, पडद्याच्या आकाराची आणि पेनच्या दाबपातळ्यांची. हाताचं काय होतं, यावर मात्र फारसं कोणी बोलत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की साधन बदललं की कितीही कसलेल्या हाताला पुन्हा विद्यार्थी व्हावं लागतं. हे विद्यार्थीपण म्हणजे उरकून टाकायची अडचण नाही. साधन बदलण्यातून मिळणारी खरी कमाई तीच आहे. हॉकनींची कारकीर्द याचा मला माहीत असलेला सर्वांत भक्कम पुरावा आहे.

यंत्रांशी जुना घरोबा

आयपॅड ही हॉकनींची यंत्राशी पहिली ओळख नव्हती. १९८२च्या सुमारास त्यांनी पोलरॉइड कॅमेऱ्यानं एकाच दृश्याचे कितीतरी तुकडे टिपले आणि ते शेजारी शेजारी मांडून चित्रं जुळवली. १९८६मध्ये ते झेरॉक्स मशिनकडे वळले. एकेका रंगासाठी वेगळं रेखाटन करायचं आणि तोच कागद पुन्हा पुन्हा मशिनमधून काढायचा, अशा पद्धतीनं त्यांनी मुद्राचित्रं केली. १९८९मध्ये साओ पावलोच्या द्वैवार्षिक प्रदर्शनासाठी त्यांनी चित्रं फॅक्सनं पाठवली. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी अमेरिकेतून इंग्लंडमधल्या सॉल्टेअर इथल्या सॉल्ट्स मिलमध्ये ‘टेनिस’ हे चित्र पाठवलं. ते १४४ फॅक्स-कागदांवर उतरलं आणि तिथे जोडून एक केलं गेलं.

यातलं प्रत्येक यंत्र कार्यालयासाठी किंवा हौशी माणसासाठी बनलेलं होतं, आणि प्रत्येकाची स्वतःची खोड होती. फॅक्सला करडी छटा समजत नाही, त्याला काळं आणि पांढरं एवढंच कळतं. म्हणून फिकट-गडद दाखवायचं तर ते ठिपक्यांनी, रेघांच्या जाळीनं बांधावं लागतं. हॉकनींनी यंत्राच्या मर्यादेवर कुरकुर केली नाही. त्या मर्यादेत बसेल असं रेखाटन ते शिकले.

संगणकाशी त्यांची गाठ पडली ती क्वांटेल कंपनीच्या ‘पेंटबॉक्स’मुळे. १९८१मध्ये आलेलं हे यंत्र मुख्यतः दूरचित्रवाणी केंद्रांसाठी होतं आणि ते एकट्यादुकट्या चित्रकाराच्या आवाक्यात नव्हतं. बीबीसीनं ‘पेंटिंग विथ लाइट’ या मालिकेसाठी निरनिराळ्या चित्रकारांना त्या यंत्रासमोर बसवलं, त्यांत हॉकनी होते. पेन फिरायचं टेबलावरच्या पाटीवर आणि चित्र उमटायचं समोरच्या पडद्यावर. रंग म्हणजे काचेतून येणारा उजेडच, हे त्यांनी तिथे अनुभवलं.

पुढे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी मॅकिंटॉश संगणकावर चित्रं काढून पाहिली, पण तिथे सूर जुळला नाही. रेघ ओढायची आणि ती पडद्यावर उमटेपर्यंत थांबायचं, असा तो प्रकार होता. रेखाटन करणाऱ्याची पुढची रेघ आधीच्या रेघेकडे बघूनच ठरते. आधीची दिसायलाच उशीर झाला, तर हात आंधळा होतो. त्यांनी तो नाद सोडला. २००८च्या सुमारास फोटोशॉप आणि पेन टॅब्लेट घेऊन ते पुन्हा बसले, तेव्हा यंत्रानं हाताचा वेग गाठलेला होता. त्या कामाचं ‘ड्रॉइंग इन अ प्रिंटिंग मशीन’ हे प्रदर्शन २००९मध्ये लंडनला भरलं.

हा इतिहास मी विस्तारानं सांगतो आहे, कारण आयपॅडची गोष्ट एरवी चमत्कारासारखी सांगितली जाते. म्हातारा चित्रकार, जादूची पाटी आणि एका रात्रीत नवं युग. प्रत्यक्षात त्यामागे तीस वर्षांची घसट होती. काही यंत्रं जमली, काही सोडली, आणि सोडलेल्या यंत्राकडे ते वेळ आल्यावर परतही गेले.

अंगठा आणि खिडकी

आयपॅडच्या आधी आला आयफोन. स्टीव्ह स्प्रँग या प्रोग्रॅमरनं २००८मध्ये ‘ब्रशेस’ नावाचं चित्र काढायचं ॲप बाजारात आणलं होतं. साडेतीन इंचांचा पडदा आणि त्यावर ३२० गुणिले ४८० ठिपके, एवढाच काय तो कॅनव्हास. तरीही होर्हे कोलंबो या चित्रकारानं याच ॲपवर काढलेलं न्यूयॉर्कच्या रस्त्याचं चित्र १ जून २००९च्या ‘न्यूयॉर्कर’चं मुखपृष्ठ झालं.

हॉकनी तेव्हा इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, ब्रिडलिंग्टन या गावात राहत होते. झोपायच्या खोलीची खिडकी, तिच्यातून दिसणारी पहाट, खिडकीतल्या फुलदाण्या हे त्यांचे विषय होते. फोन हातातच धरलेला असल्यामुळे ते मुख्यतः अंगठ्यानं काढत. पहाटेच्या अंधारात कागद-रंग घेऊन बसायचं तर दिवा लावावा लागतो, आणि दिवा लावला की बाहेरचा कोवळा उजेड दिसेनासा होतो. फोनचा पडदा स्वतःच उजळलेला होता. त्यामुळे सूर्य उगवायच्या आधीचा रंग त्यांना अंथरुणात बसल्या बसल्या टिपता येऊ लागला. सकाळी मित्रांच्या फोनवर ताज्या फुलांचं चित्र जाई.

नव्या साधनाकडे कसं बघावं, याचा हा धडा आहे. जुन्या साधनावर जे करत होतो ते इथे जमतं का, हा झाला पहिला प्रश्न, आणि त्याचं उत्तर बहुधा निराश करणारं असतं. जुन्या साधनावर जे करताच येत नव्हतं असं इथे काय आहे, हा प्रश्न जो विचारतो त्याला वाट सापडते. हॉकनींना सापडली ती अंधारात रंगवायची सोय.

२०१०च्या ऑक्टोबरात पॅरिसला त्यांचं ‘फ्लर फ्रेश’, म्हणजे ताजी फुलं, या नावाचं प्रदर्शन भरलं. तिथे चित्रं छापून लावली नव्हती, फोन आणि आयपॅडच मांडले होते. जे काचेवर जन्मलं ते काचेवरच बघा, असा तो आग्रह होता.

वोल्डगेटचा वसंत

ब्रिडलिंग्टनजवळ वोल्डगेट नावाचा एक जुना रोमन रस्ता आहे. दोन्ही बाजूंना झाडं आणि शेतं, वर्दळ अगदी कमी. २०११च्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत हॉकनी त्या रस्त्याकडे पुन्हा पुन्हा जात राहिले. निष्पर्ण झाडांपासून पांढऱ्या फुलांनी लगडलेल्या कुंपणांपर्यंत ऋतू कसा बदलतो, ते त्यांनी आयपॅडवर तारखेनिशी नोंदवलं. या मालिकेतली ५१ चित्रं कागदावर छापली गेली आणि त्यांच्या जोडीला ३२ कॅनव्हास जोडून केलेलं एक प्रचंड तैलचित्र उभं राहिलं. लंडनच्या रॉयल ॲकॅडमीत २१ जानेवारी २०१२ला सुरू झालेल्या ‘अ बिगर पिक्चर’ प्रदर्शनात हे सगळं एका दालनात होतं.

त्या पहिल्या आयपॅडवर काम करणं म्हणजे काय होतं, ते जरा जवळून पाहू. पडदा ९.७ इंचांचा आणि १०२४ गुणिले ७६८ ठिपक्यांचा. स्पर्श कुठे झाला हे त्याला कळे, किती जोरानं झाला हे कळत नसे. ॲपलची स्वतःची पेन्सिल यायला नोव्हेंबर २०१५ उजाडायचा होता. म्हणजे कुंचला जोरात टेकवला की रेघ जाड आणि अलगद उचलला की बारीक, ही चित्रकाराच्या मनगटातली सगळ्यांत जुनी विद्या त्या काचेवर निरुपयोगी होती. जाडी आणि पारदर्शकता आधी पट्टी सरकवून ठरवायची आणि मगच हात चालवायचा. वोल्डगेटची चित्रं निवांत पाहिली, तर त्यांची बांधणी या अडचणीतूनच झाल्याचं दिसतं. खाली एक सपाट रंग, त्यावर रुंद पारदर्शक फटकारे, त्यावर झाडांची खोडं, आणि सर्वांत वर गवताच्या, पानांच्या, फुलांच्या ठिपक्यांची दाटी. दाबातून मिळणारी विविधता गेली, तिच्या जागी ठशांची विविधता आली. झाडाचं पान आणि रस्त्यावरचं डबकं यांना वेगवेगळी खूण, वेगळी लय.

‘ब्रशेस’मध्ये आणखी एक गोष्ट होती. ते ॲप प्रत्येक फटकारा क्रमानं लक्षात ठेवी आणि चित्र पूर्ण झाल्यावर पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत सगळं पुन्हा चालवून दाखवी. साठ वर्षं चित्रं काढणाऱ्या या माणसानं स्वतःला चित्र काढताना पहिल्यांदाच पाहिलं. कॅनव्हासवर खालचा रंग वरच्या रंगाखाली कायमचा झाकला जातो. इथे तो पुन्हा वर येतो. कुठे घाई झाली, कुठे हात अडला, कोणती रेघ चित्राला फिरवून गेली, हे चित्रकारालाच दिसतं. शिकणाऱ्याला याहून चांगला गुरू कुठला?

या चित्रांवर टीकाही झाली. सुमारे दीड मीटर उंचीला छापल्यावर काही समीक्षकांना ती सपाट वाटली. त्यात तथ्य आहे. तैलरंगाला अंग असतं, त्यावर उजेड तिरपा पडला की कुंचल्याच्या केसांची वाट दिसते. काचेवरच्या रंगाला जाडी नाही, आणि छापला की तो कागदाला चिकटून बसतो. पण वोल्डगेटसमोर मोटारीत किंवा रस्त्याकडेला बसून पाच महिने दिवसादिवसाला बदलणारा हिरवा रंग पकडायचा, आणि रंग सुकायची वाट न बघता पुढे जायचं, हे तैलरंगात झालं नसतं. या साधनानं वेग दिला आणि पोत घेतला. दोन्ही माहीत असूनच हॉकनींनी तो व्यवहार केला.

हाताची उलथापालथ

आता आपल्याकडचा, आजचा अनुभव घेऊ. वर्षानुवर्षं विंडोजच्या संगणकावर फोटोशॉप आणि पेन टॅब्लेट वापरणारा चित्रकार जेव्हा आयपॅडवर प्रोक्रिएट हे चित्र काढायचं ॲप उघडतो, तेव्हा त्याच्या शरीरात नेमकं काय बदलतं?

पहिला बदल नजरेचा. साध्या पेन टॅब्लेटवर हात टेबलावर असतो आणि डोळे समोरच्या मॉनिटरवर. सुरुवातीला विचित्र वाटणारी ही फारकत पुढे इतकी अंगवळणी पडते, की आपलाच हात चित्राच्या आड येत नाही याचं सुख वाटू लागतं. पडद्यावर थेट काढताना हात पुन्हा मध्ये येतो. मान खाली झुकते. कागदावर शिकलेल्याला हे घरी परतल्यासारखं वाटेल, पण ज्यानं सुरुवातच मॉनिटरकडे बघून केली, त्याला हे नव्यानं शिकावं लागतं.

दुसरा बदल डाव्या हाताचा. संगणकावर उजवा हात काढतो आणि डावा कीबोर्डवर राज्य करतो. मागे जायचं, कॅनव्हास सरकवायचा, ब्रश लहान-मोठा करायचा, सगळं न बघता. आयपॅडवर तो कीबोर्डच नाही. दोन बोटं टेकवली की एक पाऊल मागे, तीन टेकवली की पुढे, चिमटीनं कॅनव्हास फिरवायचा. एरवी वाऱ्याच्या वेगानं काम करणारा माणूस दर मिनिटाला अडतो. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात सुगरणीला मिठाचा डबा शोधावा लागतो, तशी ही गत. स्वयंपाक येतोच आहे, पण जिन्नस हाताशी नाहीत. यावर इलाज एकच. रोज थोडं, त्याच विषयाचं, घाईचं काम हातात नसताना काढायचं. अंकाचं मुखपृष्ठ द्यायच्या आदल्या आठवड्यात साधन बदलू नये.

तिसरा बदल पेनचा. जपानच्या वाकॉम कंपनीच्या पेनमध्ये बॅटरी नसते. पाटीखालच्या तारांच्या जाळीतून निर्माण होणाऱ्या चुंबकीय क्षेत्रातूनच ते वीज घेतं. सॅमसंगचं एस पेनही याच तत्त्वावर रेघ ओढतं. ॲपलची पेन्सिल मात्र चार्ज करावी लागते. पण हाताला जाणवतो तो फरक याहून बारीक आहे. किती जोर दिला की किती जाड रेघ यावी, याचा वक्र प्रत्येक यंत्रात वेगळा असतो. जड हाताच्या माणसाची रेघ नव्या टॅब्लेटवर एकदम फोफावते, हलक्या हाताची उमटतच नाही. हा वक्र सेटिंगमध्ये बदलता येतो आणि नवं साधन घेतल्यावर पहिलं काम तेच असावं. शेकडो फुकट ब्रश उतरवून घेण्याचा मोह आवरावा. एक पेन्सिलचा, एक शाईचा आणि एक रंग भरायचा असे तीन ब्रश घ्यावेत आणि ते हाताला बसेपर्यंत चौथ्याकडे बघू नये.

रेघ उमटायला लागणारा वेळ हा मॅकिंटॉशच्या काळात हॉकनींना छळणारा प्रश्न आता जवळजवळ सुटला आहे. ॲपलनं २०१९मध्ये पेन्सिलचा विलंब २० मिलिसेकंदांवरून ९वर आणल्याचं जाहीर केलं. आज अडचण येते ती लेयरची, म्हणजे चित्राच्या एकावर एक रचलेल्या थरांची. ए-४ आकाराचं चित्र छपाईसाठी ३०० डीपीआयवर करायचं, तर कॅनव्हास होतो २४८० गुणिले ३५०८ ठिपक्यांचा, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला चार बाइट धरले, तर एकच लेयर ३५ मेगाबाइटच्या घरात जातो. म्हणून टॅब्लेटवरची ॲप्स मेमरीच्या हिशेबानं लेयरची संख्या बांधून देतात. संगणकावर साठ लेयर करून प्रत्येक डोळा, प्रत्येक गुंडी वेगळी ठेवणाऱ्याला हे जाचक वाटतं. पण यातूनही एक शिस्त लागते. ठरलेली गोष्ट खालच्या लेयरमध्ये मिसळून टाकायची आणि पुढे जायचं. कागदावर आपण तेच करत होतो.

आणि शेवटी छपाई. टॅब्लेटचा पडदा उजेडानं रंग दाखवतो, छापखाना शाईनं. पडद्यावरचा झगझगीत पोपटी किंवा विजेसारखा निळा चार शाईंच्या छपाईत मलूल होतो. अंधाऱ्या खोलीत पडद्याचा उजेड पूर्ण वाढवून काढलेलं चित्र कागदावर काळवंडून येतं. त्यामुळे पहिली दोन-चार कामं प्रेसला देण्याआधी त्याच कागदावर नमुना छापून बघणं, हे नव्या साधनाच्या शिक्षणातच धरायला हवं.

बोरूचा कोन

मराठी चित्रकाराला यात एक खास अडचण आहे. ती परदेशी शिकवण्यांत सापडत नाही, म्हणून इथे सांगितली पाहिजे. देवनागरीची जाड-बारीक रेघ दाबातून येत नाही. ती बोरूच्या तिरक्या कापातून येते. काप एका कोनात धरला की एका दिशेची रेघ जाड पडते आणि तिला छेदणारी बारीक. ‘क’चा उभा दंड आणि त्याच्या दोन्ही अंगांचे वळसे यांचं सौंदर्य हात तो कोन सांभाळतो म्हणून आहे. टॅब्लेटवरचे बहुतेक तयार ब्रश मात्र दाबानं फुगणारे असतात. त्यांनी देवनागरी लिहिली की अक्षर सुटतं, वेलांटीला नको तिथे पोट येतं.

उपाय आहे. दाबाचा परिणाम शून्य करायचा, ब्रशचा आकार चपटा घ्यायचा आणि तो ठरलेल्या कोनात बांधून टाकायचा. पण कसलेला लेखनिक वळणावर बोरू बोटांत किंचित फिरवतो. ते फिरणं पेनला कळायला हवं. वाकॉमच्या आर्ट पेनला ते पूर्वीपासून कळत असे, ॲपलच्या पेन्सिलला कळू लागलं २०२४च्या पेन्सिल प्रोपासून. त्याआधीच्या पेन्सिलला कलणं कळे, स्वतःभोवती फिरणं नव्हे. अक्षरलेखन करणाऱ्यानं नवं टॅब्लेट घेताना दाबपातळ्यांच्या हजारांच्या आकड्यापेक्षा ही एक गोष्ट आधी विचारावी.

या वाटेवर आपल्याकडे एक मोठं उदाहरण आहे. अक्षरकार र. कृ. जोशी हाताच्या अक्षराचे उपासक होते. तेच पुढे संगणकाकडे वळले आणि विंडोजवर घरोघरी पोचलेला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट त्यांनी घडवला. आपण आज जी मराठी पडद्यावर सहज वाचतो, तिच्यामागे बोरूवर तयार झालेला आणि यंत्रासमोर न बुजलेला हात आहे.

फायलीचं आयुष्य

नव्या साधनावर जाताना जुनं काम कुठे राहतं, हा प्रश्न टाळून चालणार नाही. २३ जुलै १९८५ला न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये कमोडोर कंपनीनं अमिगा हा संगणक लोकांसमोर आणला. मंचावर अँडी वॉरहॉलनं माउस फिरवत गायिका डेबी हॅरीचं व्यक्तिचित्र रंगवलं. वॉरहॉल पुढेही त्या यंत्राशी खेळला. १९८७मध्ये तो गेला. त्याच्या फ्लॉपी पिट्सबर्गच्या वॉरहॉल संग्रहालयात राहिल्या, पण त्यांत काय आहे हे कोणाला उघडून बघता येत नव्हतं. चित्रं ज्या सॉफ्टवेअरवर काढली होती ते पूर्णपणे बाजारातही आलेलं नव्हतं आणि फायलींचा प्रकार अनोळखी होता. कोरी आर्केंजेल या कलावंतानं पाठपुरावा केला, कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणक क्लबनं त्या फायलींची उकल केली आणि २०१४मध्ये ती चित्रं जगासमोर आली. त्यांत सूपचा डबा होता, वॉरहॉलचं स्वतःचं चित्र होतं आणि बोत्तिचेल्लीच्या व्हीनसला तिसरा डोळा बसवलेला होता.

वॉरहॉलसाठी एक विद्यापीठ धावून आलं. आपल्या कथाचित्रांसाठी कोणी येणार नाही. प्रोक्रिएट हे टास्मानियातल्या एका कंपनीचं, २०११पासून चालत आलेलं उत्तम ॲप आहे. पण त्यातली चित्रं त्या ॲपच्याच पोटात राहतात आणि ॲप काढून टाकलं की तीही जातात. म्हणून पूर्ण झालेलं प्रत्येक चित्र लेयरसकट पीएसडीमध्ये आणि एकसंध टिफ किंवा पीएनजीमध्ये बाहेर काढून वेगळ्या डिस्कवर ठेवावं. ज्याला एकाच कंपनीच्या दावणीला बांधून घ्यायचं नाही, त्याच्यासाठी क्लिप स्टुडिओ पेंट विंडोज, मॅक, आयपॅड आणि अँड्रॉइड अशा सगळ्यांवर चालतं. क्रिता तर मुक्त सॉफ्टवेअर आहे, त्याला पैसे पडत नाहीत. पुढचं साधन बदलणं सोपं व्हावं, असा विचार आजचं साधन निवडतानाच करायचा असतो.

हॉकनींनाही हा प्रश्न चुकला नाही. २०२०पर्यंत त्यांचं ‘ब्रशेस’ पहिल्यासारखं राहिलं नव्हतं. त्यांनी ते आपल्या गरजेप्रमाणे, आपल्याला हव्या त्या खुणा आणि ब्रश घालून, मुद्दाम घडवून घेतलं. ही चैन सगळ्यांना परवडणार नाही. पण त्यामागची वृत्ती परवडते. साधन आपल्या हाताप्रमाणे वाकवायचं, आणि कुठे वाकत नाही ते ओळखून तिथे हात वाकवायचा.

काचेतून काचेकडे

२०१८मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत राणी एलिझाबेथ यांच्या कारकिर्दीच्या सन्मानार्थ हॉकनींनी संकल्पिलेली रंगीत काचेची खिडकी खुली झाली. यॉर्कशायरमधली फुललेली हॉथॉर्नची झाडं हा तिचा विषय. आराखडा आयपॅडवर झाला आणि यॉर्कच्या बार्ली स्टुडिओतल्या कारागिरांनी तो काचेत उतरवला. रंगीत काचेची खिडकी आणि आयपॅड या दोन्हींत रंग दिसतो तो मागून येणाऱ्या उजेडामुळे. छापील कागदावर जे चित्र मलूल होण्याचं भय असतं, ते खिडकीच्या काचेत आपलं मूळ तेज घेऊन उभं राहतं. साधनाचा स्वभाव ओळखला की त्याला साजेसं काम कसं सापडतं, याचा हा नमुना आहे.

त्यानंतर आला नॉर्मंडीचा मुक्काम. २०२०च्या वसंतात जग घरात कोंडलं गेलं तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे हॉकनी फ्रान्समध्ये आपल्या घराभोवतीची फळझाडं, तळं, पाऊस रंगवत होते. त्या वसंतातली ११६ आयपॅडचित्रं पुढच्या वर्षी रॉयल ॲकॅडमीत लागली. वर्षभराच्या चित्रांतून जुळवलेला ९० मीटर लांबीचा पट्टा पॅरिसच्या ऑरांजरी संग्रहालयात मांडला गेला. नॉर्मंडीतच असलेला अकराव्या शतकातला बायू इथला भरतकामाचा सुमारे ७० मीटरचा पट त्यांच्या डोळ्यांसमोर होता. वोल्डगेट आणि नॉर्मंडी शेजारी ठेवून पाहिली, की दहा वर्षांत हात कुठून कुठे गेला ते कळतं. नॉर्मंडीच्या तळ्यावर पडणाऱ्या थेंबांची वर्तुळं, गवतातले पांढरे ठिपके यांत आता चाचपडणं नाही.

आणि त्यानंतर त्यांनी पुन्हा कुंचला उचलला. २०२३मध्ये लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत लागलेली त्यांची नवी व्यक्तिचित्रं ॲक्रिलिकमध्ये, कॅनव्हासवर होती. समोर बसलेल्या माणसाला रंगवायला त्यांना ते साधन हवं होतं. म्हणजे आयपॅडनं कॅनव्हासला हरवलं नाही आणि कॅनव्हासनं आयपॅडला खोटं ठरवलं नाही.

आपल्याकडे साधन बदलणाऱ्या चित्रकाराला दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतं, यंत्रावर काढलेली ती काय चित्रं. दुसरं म्हणतं, हे टॅब्लेट घे, काम दुप्पट होईल. दोघंही हाताला विसरतात. दिवाळी अंकाच्या संपादकांनी नव्या साधनावर गेलेल्या चित्रकाराला पहिल्या कामासाठी थोडा जास्त वेळ आणि छपाईचा एक नमुना द्यावा. कलाशाळांनी एकच सॉफ्टवेअर शिकवून मुलांना बाहेर सोडू नये. कोणत्याही दोन साधनांवर तोच विषय काढायला लावावा, म्हणजे साधन कुठे संपतं आणि आपण कुठे सुरू होतो ते त्यांना कळेल. आणि चित्रकारानं नव्या काचेवरच्या पहिल्या कच्च्या रेघा पुसून टाकू नयेत, त्यांवर तारीख घालून ठेवाव्यात. सत्तरी ओलांडलेल्या माणसानं अंगठ्यानं फुलं काढत सुरुवात केली आणि त्या कच्च्या सुरुवातीला लोकांपुढे ठेवायला तो लाजला नाही. तेवढं धैर्य दाखवलं, तर कुठलंही साधन फार काळ अनोळखी राहत नाही.